लिस्बनच्या पायरीवरचे तांबडे बूट

"आबांचा डोळा लागला, पोरगी हात सोडून एकटीच रस्ता ओलांडून चर्चमध्ये गेली, पायरीवर शहाण्यासारखे बूट काढले आणि आत जाऊन बसली. नशीब आपलं, म्हणून सापडली."

ही हकिकत माझ्या विहीणबाईंची, आणि तिच्यातले आबा म्हणजे मी. त्या लिस्बनला नव्हत्या. कोथरूडला आपल्या घरी होत्या. तरीही नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला, माझ्या मुलाच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये, हातात केकची बशी घेऊन त्यांनी ती अशी रंगवली की पोरीच्या अंगावर येणारी ट्रॅम श्रोत्यांना दिसावी. त्या चौकात ट्रॅम येत नाही. कोणतेच वाहन येत नाही. सगळा चौक फरसबंद आहे. पण हा तपशील किरकोळ आहे, तो मी सोडून देतो.

मुलगा आणि सून जरा सौम्य सांगतात. त्यांच्या सांगण्यात ट्रॅम नाही, रस्ताही नाही. पण लागलेला डोळा आहे, आणि "बाबा मागाहून शोधत आले" हे वाक्य आहे. हा सौम्यपणाच अधिक घातक ठरला, कारण त्याच्यावर निर्णय झाला. एप्रिलमध्ये ते जपानला जाणार आहेत.

"बाबा, एवढी दगदग तुम्हाला झेपायची नाही," सून म्हणाली. "या वेळी आई येईल आमच्याबरोबर. तुम्ही मस्त आराम करा."

आराम! मी सदाशिव पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत पहाटेपासून येरझारा घालतो. वर्तमानपत्र उभ्याने वाचतो. खिडकी उघडतो, वाहनांचा आवाज नको म्हणून लावतो, गुदमरते म्हणून पुन्हा उघडतो. प्रवासाची बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली आहे. ती परत वर टाकण्यासाठी हात उचलत नाही. ज्याला स्वतःच्या खुर्चीत बसवत नाही, तो माणूस परक्या गावात दगडी बाकावर झोपी गेला, हे कुणालाच खटकू नये याचे मला नवल वाटते. परंतु स्वभाव म्हणजे पुरावा नव्हे. उभी नोकरी मी खडकीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून केली आहे; एवढा फरक मला कळतो.

म्हणून मुळापासून सांगतो. मुलाचे आणि सुनेचे काम लॅपटॉपवर चालते, ते कुठूनही करता येते. मुलगी शाळेत अडकण्यापूर्वी जग पाहून घ्यावे असे त्यांनी ठरवले आणि दोघे कामात असताना तिच्याकडे बघायला मला सोबत घेतले. मी हे तक्रारीने म्हणत नाही. त्या कामासाठी कुणी मला चंद्रावर नेले असते तरी मी गेलो असतो.

अडीच वर्षांच्या व्यक्तीला पेहरावाविषयी एवढी ठाम मते असू शकतात, हे मला ठाऊक नव्हते. सकाळी हॉटेलच्या पलंगावर कपडे मांडायचे आणि तिने हात पाठीमागे बांधून त्यांची पाहणी करायची. आमच्या पेठेतल्या शिंप्याने शिवलेला खणाचा फ्रॉक, वर जीनचे जाकीट, डोळ्यांवर पिवळा गॉगल, हा तिचा आवडता थाट. इस्तंबूलला लोक थांबून तिचे फोटो मागत. सून ते मोबाईलवर टाकी आणि दिवसभर किती जणांनी पाहिले ते बघत बसे. पाहणीतून मीही सुटत नसे.

"आबा, हा शर्ट नको."

"का गं?"

"मळका."

"अगं, याचा रंगच असा आहे."

"मग रंग बदल."

इस्तंबूललाच आम्ही एका मोठ्या मशिदीत गेलो. तिथे बूट काढून गालिच्यावर जायचे असते. बूट जोडीने ठेवायचे, टाचा भिंतीकडे, म्हणजे निघताना पाय थेट आत जातात, हे मी तिला घरी शिकवले होतेच. तिथे शेकडो माणसे तेच करताना पाहून तिला फार समाधान वाटले. मोठे दार, उंच छत आणि आत अंधार असला की बूट काढायचे, असा नियम तिने मनाशी पक्का केला.

पुढे व्हिएन्नाला ते तांबडे बूट आले. काचेआड पाहिले आणि ती दुकानासमोरून हलेना. घोट्याभोवती पट्टा आणि त्याला पितळेचे चिमुकले बक्कल. देखणे होते, पण अतिशय चिवट. सुनेचे त्यात नख तुटले. मुलाने किल्ली खुपसली, तर पट्ट्यावर चरा पडला. पोरगी दोन्ही हातांनी टाच ओढून रडकुंडीला आली, तरी बूट पायातून सुटेना. मी पाहिले: काटा वाकडा बसवला होता. अंगठ्याने पट्टा आत दाबून धरायचा आणि चष्म्याच्या काडीच्या टोकाने काटा खालून उचलायचा. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ ते काम माझ्याकडे आले. "हे बाबांचं खातं," असे सून म्हणायची. तिच्याच तोंडचे शब्द आहेत.

आता लिस्बन. दोघांची कामाची बैठक फोनवर होती, ती दोघे कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसली. "बाबा, या बाकावरून हलू नका," असे मुलगा बजावून गेला. ज्याला मी बोट धरून मंडईत नेत असे, त्याने मला असे बजावावे! मी बसलो. पोरीने समोरच्या चर्चकडे पाहिले.

"आबा, मोठं दार."

गेलो. तिचा हात माझ्या हातात होता. पायरीवर ती बसली आणि पाय पुढे केले.

"काढ."

"अगं, इथे बूट घालून जातात. ते बघ, सगळे चालले आहेत."

"नाही. काढ."

नियम मीच शिकवला होता. त्याला अपवाद कोणत्या तोंडाने काढणार? मी माझेही बूट काढले आणि कापडी पिशवीत घातले, कारण देवळाबाहेर नव्या वहाणा गमावण्याचा अनुभव मला पुण्यात दोनदा आलेला आहे. तिचेही पिशवीत घालू लागलो, तर तिने हात धरला. "नको. दिसू दे." ते बरोबरच होते. एवढे सुंदर बूट पिशवीत काय कामाचे?

आत कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होते. ती पुढे जाऊन गालिच्यावर मांडी घालून बसली, मी मागच्या बाकावर बसलो आणि ऐकण्यासाठी डोळे मिटले. ऐकताना मी डोळे मिटतो. सवाई गंधर्वला मांडवात बसलेले निम्मे पुणे डोळे मिटते, त्यांना कुणी झोपलेले म्हणत नाही. पाय मात्र तालावर हलत होता.

थोड्या वेळाने सून धावत आली. तिने पायरीवरचे तांबडे बूट ओळखले होते. पोरीला छातीशी धरून ती रडू लागली. मुलगा मागून आला, त्याला मी आतल्या मागच्या बाकावर दिसलो.

"बाबा, कुठे होता तुम्ही? झोपला होतात?"

तिऱ्हाइतांसमोर, वरच्या आवाजात. अशा प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे तो विचारण्याजोगा होता हे मान्य करणे. पिशवीतून बूट काढले, घातले आणि बाहेर आलो. माझे बूट मी मागाहून येऊन काढले असावेत, असे मुलगा म्हणतो. म्हणू दे.

वाढदिवसाच्या दिवशी विहीणबाई मला समजावू लागल्या. "अहो, त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं? वय झालं की लागतो डोळा. आमच्या ह्यांचा तर मी बोलत असतानासुद्धा लागतो."

"तो कोणाचाही लागेल," मी म्हणालो.

सगळे हसले, व्याही सर्वांत मोठ्याने. पण जपानचे तिकीट विहीणबाईंच्या नावावर निघाले होते, ते हसण्याने बदलले नाही.

तेवढ्यात नात ते तांबडे बूट घालून आली. आता ते तिला घट्ट होतात. पण समारंभ म्हटला की तेच हवेत. सकाळी मी आल्या आल्या तिने ते माझ्याकडून घालून घेतले होते. पाय दुखतात म्हणून ती आजीपुढे बसली. विहीणबाईंनी बशी बाजूला ठेवली, वाकल्या, नखाने खटपट केली, चमच्याचे टोक लावून पाहिले. "हे कसलं बाई बक्कल!" असे म्हणून त्यांनी हात टेकले. पोरगी उठली, सबंध खोली ओलांडून माझ्याकडे आली आणि पाय पुढे केले.

"आबा, काढ."

मी चष्मा उतरवला. बूट निघाले. मी ते जोडीने ठेवले, टाचा भिंतीकडे. घरी आल्यापासून ते बक्कल माझ्या डोक्यात फिरते आहे, आणि मी खोलीत.

विहीणबाईंची एक, मुला-सुनेची दुसरी आणि माझी तिसरी, अशा तीन हकिकती आहेत. चौक, डोळा, माझे येणे, कशावरच तिन्हींचे एकमत नाही. एका गोष्टीवर मात्र आहे: सून धावत आली तेव्हा ते दोन्ही बूट पायरीवर टाचा भिंतीकडे करून ठेवलेले होते, आणि दोन्हींची बक्कले उघडी होती.