खटकाताई आणि आपोआप मालवणारे दिवे

आमच्या भागात तिला सगळे खटकाताई म्हणतात. खरं नाव परवान्यावर आहे, पण परवाना पाकिटात असतो आणि पाकीट पिशवीच्या तळाशी, स्क्रू आणि चिकटपट्ट्यांच्या खाली. परवान्यावर नावापुढे ‘वायरमन’ असं छापलंय. वायरीत जिचं मन लागतं ती, असा अर्थ तिने स्वतःपुरता लावून घेतलाय आणि तो बदलून घ्यायला ती कुठल्याही कार्यालयात गेलेली नाही.

वायरमन होण्याआधी एकोणीस वर्षं ती विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. सरकत्या पट्ट्यावरून बटण समोर यायचं. ती ते दोनदा दाबायची, कान देऊन ऐकायची आणि पुढे सोडायची. खट् वाजलं की चांगलं. खच् वाजलं की आतली पट्टी तिरकी. काहीच वाजलं नाही तर स्प्रिंग बसवायची राहिली. दिवसाला दीड हजार बटणं. हे काम तिला डोळे मिटून जमायचं, आणि एकदा तसं करताना पर्यवेक्षकाने पाहिलं तेव्हा त्याने कामावर झोपल्याचा मेमो दिला. ‘झोपले नव्हते, ऐकत होते,’ असं तिने लेखी कळवलं. मेमो काही मागे घेतला गेला नाही. पुढे बटणं दाबणारं यंत्र आलं. त्याला डोळेच नव्हते, त्यामुळे मेमोचा प्रश्न मिटला. खटकाताई आणि आणखी अकरा बायका घरी बसल्या.

ती दोन महिने बसली. मग बेचाळिसाव्या वर्षी तिने वायरमनच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी शिक्षकांनी सांगितलं की शिवणकामाचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे, तिथला पंखा बंद आहे, इथलं शिकून झालं की बघते. नऊ महिन्यांनी तिने तो बघितला. अजून फिरतोय.

नवरा शाळेची बस चालवतो. चाळीस पोरांच्या कालव्यात त्याचा स्टिअरिंगवरचा हात हलत नाही, पण घरातला बल्ब बदलायला सांगितलं की तो स्टूल आणायला जातो आणि परत येत नाही. तिची त्याबद्दल तक्रार नाही. एका घरात एक वायरमन पुरे.

तर अशा या खटकाताईला एका शुक्रवारी फोन आला. फोन करणारी बाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची, रक्त तपासायची. घरी नवरा आणि सासरे. तिचं म्हणणं असं की घरातले दिवे आपोआप मालवतात. कधी सकाळी, कधी भर दुपारी. आधी दोन जण येऊन गेले होते. एकाने बटणं बदलली. दुसऱ्याने वायरिंग जुनं आहे असं सांगितलं, आणि इमारत तीन वर्षांची आहे हे कळल्यावर हवा दमट आहे असं सांगितलं.

शनिवारी खटकाताई गेली. दुसरा मजला, तीन खोल्या, भिंतींवर काचेची सपाट बटणं. बोटाने नुसता स्पर्श करायचा, किंवा फोनवरून हुकूम सोडायचा. ही सासऱ्यांच्या मुलाची, म्हणजे त्या बाईच्या नवऱ्याची हौस. मुलगा कॉम्प्युटरवर काम करणारा, बोलायला व्यवस्थित, आपण काय काय करून पाहिलं हे त्याने क्रमाने सांगितलं. बल्ब बदलले. वायफायचा डबा बदलला. बटणं सगळी पुसून पहिल्यापासून जोडली. कंपनीला लिहिलं, तर कंपनीने नवं अपडेट टाका म्हणून कळवलं. ते टाकल्यावर दिव्यांचा रंग बदलायला लागला, मालवणं तसंच राहिलं.

एवढं सांगून झाल्यावर त्याने तिला गॅलरीत नेलं आणि आवाज खाली आणला. बाबांकडून काहीतरी दाबलं जात असावं, असा त्याचा अंदाज होता. आम्ही घरी असताना हे कधीच होत नाही, फक्त बाबा एकटे असतानाच होतं. मागच्या महिन्यात न्हाणीघरात दाढी करताना दिवा गेला म्हणाले, चाचपडत बाहेर येताना पडले, कोपराला प्लॅस्टर. आता दिवसभरासाठी एखादा माणूस ठेवावा म्हणतोय. वय झालंय, विसरतात.

वय झालेले बाबा आत टेबलापाशी बसले होते. हे गृहस्थ एका छापखान्यात सदतीस वर्षं मुद्रितं तपासत होते. निवृत्तीनंतरही छापखाना त्यांच्याकडे कागद पाठवायचा आणि प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून दुसऱ्या हाताने ते लाल पेन चालवत होते. खटकाताईने नमस्कार केला. त्यांनी पान संपवलं, मग नमस्कार केला. मग खणातून एक वही काढून तिच्यापुढे ठेवली.

वहीत दिवे मालवल्याच्या नोंदी होत्या. तारीख, वार, वेळ, खोल्या, शेरा. अक्षर मुंगीएवढं आणि एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. ‘मंगळवार, ११.२०, सर्व खोल्या. कारण अज्ञात.’ ‘गुरुवार, १.२४, सर्व खोल्या. कारण अज्ञात.’ ‘सोमवार, ८.५०, सर्व खोल्या. दाढी करताना. हनुवटी व कोपर. कारण अज्ञात.’ अशा सत्तेचाळीस नोंदी होत्या.

“ही वही मुलाला दाखवलीत का, काका?” तिने विचारलं.

“दाखवली. तो म्हणाला, बाबा, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका.”

खटकाताईने त्या दिवशी तीन तास काम केलं. प्रत्येक बटण भिंतीतून काढून मागच्या वायरी ओढून पाहिल्या, दोन ठिकाणी स्क्रू ढिले होते ते आवळले, मीटरच्या पेटीत डोकं घातलं. दिवे काही मालवेनात. पाहुणे आल्यावर मुलं शहाण्यासारखी वागतात तसे ते वागत होते. मुलाला वाटलं, जमलं. तो आभार मानू लागला. तिने त्याला थांबवलं. ढिल्या स्क्रूने एक दिवा गेला असता, सगळे एकदम नाही. काहीतरी खटकतंय, असं ती म्हणाली आणि वही दोन दिवसांसाठी मागून घेतली. बाबांनी ती देताना पानांचे कोपरे दुमडू नका एवढंच सांगितलं.

घरी तिने वही नवऱ्याला वाचून दाखवली. नवऱ्याला विजेतलं काही कळत नाही, पण सुट्ट्यांचं फार कळतं. सातवी-आठवी नोंद झाल्यावर तो म्हणाला, यात रविवार कुठाय? तिने पुन्हा पाहिलं. रविवार नव्हताच. शनिवारी एकच नोंद, तीही सूनबाईंना जादा पाळी होती आणि मुलगाही बाहेर गेला होता त्या दिवशीची. ते बाबांनी शेऱ्यात लिहिलं होतं.

मंगळवारी सकाळी आठला ती पुन्हा त्या घरी गेली आणि हॉलमध्ये खुर्ची टाकून बसली. काहीच करणार नव्हती. मुलाला ते जरा विचित्र वाटलं, पण तो साडेआठला कामावर गेला. दिवे चालू. सूनबाईंची दुपारची पाळी होती, त्या घरात वावरत होत्या. दिवे चालू. बाबा मुद्रितं तपासत होते. मधे एकदा त्यांनी तिला विचारलं की नुसतं बसण्याचा कंटाळा येत नाही का. ती म्हणाली, कारखान्यात एकोणीस वर्षं बसूनच काढली. ते म्हणाले, मीही. आणि त्यांनी पुढचं पान ओढलं.

एकला दहा मिनिटं असताना सूनबाई चपला घालून निघाल्या. खटकाताईने डोळे मिटून घेतले. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कागदात मान घातली.

तेरा मिनिटांनी तो आवाज आला. खट्, खट्, खट्, खट्, खट्. पाच बटणं, काचेमागचे खटके एकामागोमाग एक पडत गेले, हॉलपासून न्हाणीघरापर्यंत. पडदे ओढलेले होते, खोली एकदम करडी झाली.

“एक वाजून तीन,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने खणाकडे गेला. वही ताईकडे होती. तिने ती पुढे केली.

तिने डोळे उघडले. प्रत्येक काचेवर बारीक निळा ठिपका तेवत होता, म्हणजे वीज गेलेली नव्हती. आणि खट् अगदी स्वच्छ होता. तिरक्या पट्टीचा नाही, गरम झालेल्या सुट्या भागाचाही नाही. चांगल्या बटणाला नीट दाबलं की यावा तसा. तिने उठून बाबांना सांगितलं की बटणं ठणठणीत आहेत, ती बिघडून बंद होत नाहीयेत, त्यांना कोणीतरी बंद व्हायला सांगतंय.

“मी नाही,” बाबा म्हणाले.

“तुम्ही नाही,” ती म्हणाली. “तुम्ही तिथे बसला होतात आणि मी ऐकत होते.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

तिने सूनबाईंना फोन लावला. त्या बसमध्ये होत्या, पूल नुकताच ओलांडला होता. खटकाताईने त्यांना फोनमध्ये घराच्या दिव्यांचं पान उघडायला लावलं आणि तिथे काय काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. सूनबाई वाचत गेल्या. संध्याकाळी बाहेरचा दिवा लावणे. सकाळी बाहेरचा दिवा बंद करणे. घरात कोणी नसल्यास सर्व दिवे बंद करणे.

“कोणी नाही हे त्याला कसं कळतं?”

सूनबाईंनी खालचं बारीक अक्षर वाचलं. घरातल्या माणसांचे फोन घरापासून लांब गेले की घर रिकामं समजलं जातं. मग माणसांची यादी होती. त्यांनी तीही वाचली आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. यादी लहान होती.

मुलगा संध्याकाळी लवकर घरी आला. खटकाताई थांबली होती. चहा झाला. तिला भाषण करायचं नव्हतं. तिने त्याला फक्त विचारलं, “दादा, घरात माणसं किती?”

“तीन.”

“फोनमध्ये दोन आहेत.”

त्याने फोन काढला आणि पाहत राहिला. त्याची चूक तशी सांगण्यासारखीही नव्हती. घर घेतलं तेव्हा ते दोघंच होते. बटणं जोडताना फोनने विचारलं होतं, कोणी नसताना वीज वाचवायची का, आणि त्याने हो म्हटलं होतं. कोणीही म्हटलं असतं. आठ महिन्यांनी आई गेली आणि बाबा इकडे राहायला आले. त्यांच्यासाठी पलंग आला, टेबल आलं, खिडकीजवळची जागा आली. बाबांकडे बटणांचा साधा फोन होता आणि तो फ्रीजवर असायचा. यादीत त्यांना घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. दोघांतलं शेवटचं माणूस घराबाहेर पडून लांब गेलं की घर स्वतःशी ठरवायचं, आता इथे कोणी नाही.

 बाबांनी वाकून त्या यादीकडे पाहिलं.

“शब्द सुटलाय,” ते म्हणाले. “होतं. वाक्य वाचताना लक्षातही येत नाही.”

मुलाने मान वर केली नाही. त्याने तो नियम काढून टाकला. काढताना फोनने ‘नक्की?’ असं विचारलं, तेव्हा त्याने दोनदा दाबलं. मग तो म्हणाला की बाबांना आपण नवा फोन आणू, यादीत तिसरं नाव घालू. बाबांनी नको म्हटलं. फोन खिशात ठेवून फिरायला जायचं आणि फोन विसरून घरी आलं की घरानेच आपल्याला हरवलेलं धरायचं, एवढा व्याप या वयात झेपणार नाही. खटकाताईने त्यांच्या बाजूने कौल दिला. तिने न्हाणीघरातली काच काढून तिथे साधं बटण बसवलं, आतल्या बाजूला, हात सहज पोचेल अशा उंचीवर. बाबांनी ते दाबून पाहिलं. तिने ऐकलं. चांगलं होतं.

दिवसभरासाठी माणूस ठेवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मुलाने त्या संध्याकाळी जेवणापूर्वी वही मागून घेतली आणि खिडकीशी उभं राहून सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस नोंदी वाचल्या. हनुवटी व कोपर या ओळीवर तो थांबला होता, असं सूनबाईंनी नंतर खटकाताईला फोनवर सांगितलं. मग तो बाबांजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, “मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता.” बाबा म्हणाले, “वही वाचायला हवी होतीस. विश्वासाचा भाग नंतरचा.” दोघं त्या रात्री नेहमीपेक्षा थोडं जास्त जेवले, असंही सूनबाईंचं म्हणणं होतं. अठ्ठेचाळिसावी नोंद मंगळवारी दुपारीच झाली होती. तिच्यापुढे बाबांनी ‘कारण’ या रकान्यात एकच शब्द लिहिला. ‘ज्ञात.’

महिनाभराने खटकाताई त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घंटा दुरुस्त करायला गेली होती. उतरताना दार उघडं दिसलं म्हणून डोकावली. प्लॅस्टर निघालं होतं. बाबांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि खणातून तिचंच कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. पहिल्या दिवशी तिने दिलेलं. कार्डावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘सर्व प्रकारची विजेची दुरूस्ती’. ‘रू’भोवती लाल गोल होता आणि समासात नेटकं लिहिलं होतं, ‘ऱ्हस्व’.

तिने कार्ड उलटसुलट केलं. “अकरा वर्षं वाटतेय हे,” ती म्हणाली. “एकानेही सांगितलं नाही.”

“त्यांचा दिवा लागला की त्यांचं काम झालं,” बाबा म्हणाले.

तिच्याकडे अजून दीडेकशे जुनी कार्डं शिल्लक आहेत. टाकून देणं तिच्या जिवावर येतं. बाबांनी दिलेलं लाल पेन ती टेस्टरशेजारी खिशात ठेवते, आणि कोणी कार्ड मागितलं की आधी ते दुरुस्त करते, मग देते.