आधी पाच गोळ्या

मिरजेच्या फलाटावर वडिलांनी माझी वळकटी डब्यात ढकलली आणि म्हणाले, “सातवीतनं शाळा सोडलीस, आता कारखाना सोडू नकोस.” गाडी हलली तशी आई बरोबरीनं चालू लागली, फलाट संपेपर्यंत. ताई, दादा, एवढं तुम्ही पाहिलंत. पुढचं पाहिलं नाहीत, म्हणून लिहितो.

बंगळूरच्या सरकारी कारखान्यात मी लेथवर हेल्पर लागलो. के. आर. पुरमला खोली मिळाली ती आमच्याच खात्यातल्या रामण्णांकडे, सगळ्यांच्या अण्णांकडे. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, पण घरात मराठी, कानडीची फोडणी दिलेली. कारखान्याच्या रायफल क्लबात त्यांनीच नेलं. बाकीचे सगळे मॅट्रिकच्या पुढचे; मी दारातच घुटमळलो. “गोळी मार्कशीट मागत नाही रे,” अण्णा म्हणाले. त्यांचे उपकार कसे फेडू?

क्लबात दोनच रायफली, पॉइंट टू टूच्या, जुन्या. खास कोट कुठला! मी सदऱ्याच्या कोपरांना गोधडीचे तुकडे शिवले. रोज सकाळी खोलीत रायफलीऐवजी फळी धरून अर्धा तास पालथा पडायचो, न हलता. अण्णांची बायको, अक्का, चहा ठेवताना हसायची, “हुली आली, तर स्वल्प बस, थोडा थांब म्हणून सांगते हं वाघोबाला!”

तरी गोळ्या निशाणाच्या चकतीभर पांगायच्या. संघात एकच जागा उरलेली, आणि पुढच्या महिन्यापासून रायफली फक्त संघातल्यांनाच मिळणार. जागा गेली की माझ्या नशिबी कायमची फळी.

एकदा अण्णा मागे उभे राहिले. गोळी डावीकडे गेली की मी रायफलीवरचा नेम सरकवायचा स्क्रू उजवीकडे फिरवायचो, उजवीकडे गेली की डावीकडे. लेथवर प्रत्येक काप मोजून पुढचा सुधारायची सवय!

“अरे शहाण्या, हे लेथ नव्हे! इथं रायफल नाही, तू हलतोस. आधी पाच गोळ्या मार. पाचही एका जागी पडल्या, तरच स्क्रूला हात लाव.”

निवडीच्या रविवारी सरावाची पहिली गोळी डावीकडे. बोटं शिवशिवली. दुसरी डावीकडे, तिसरीही. घाम डोळ्यांत उतरला, पण हात आवरला. पाचही चुकीच्या जागी, पण एकमेकींना चिकटून! मग एकदाच स्क्रू फिरवला. मोजायच्या दहाही गोळ्या मधोमध, सुपारीएवढ्या जागेत.

फळ्यावर इंग्रजीत माझं नाव लागलं. अक्षरं जुळवून तीनदा वाचलं. दुसऱ्याचं तर नसेल? तोवर अण्णा खातंभर ओरडत सुटले, “माझा भाडेकरू! माझा भाडेकरू!”

त्या दिवाळीत गावी आलो होतो, आठवतं? रविवारी सकाळी सरावाची वेळ झाली आणि जीव रमेना. तोंडातून निघून गेलं, “आई, घरी जायला पाहिजे मला.” बोललो आणि जीभ चावली. आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, “मग जा की. तुझी वाट बघणारं तिथं कुणीतरी हाय, एवढंच पायजे होतं मला.”