तेवीस डबे आणि एक

माझी बायको इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. त्यामुळे घरात कुठली वस्तू किती आहे हे तिला कायम तोंडपाठ असतं, आणि डब्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. मी रुवैसला रिफायनरीत नोकरी करतो. आठवडाभर तिकडे कंपनीच्या फ्लॅटमध्ये, शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत इकडे शहरात, करामा भागातल्या घरी. साडेतीन तासांचा रस्ता आहे. रविवारी परत निघताना मागच्या सीटवर एक आइसबॉक्स असायचा आणि त्यात आठवड्याचं जेवण. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर वार. 'सोम, वाटाण्याची उसळ.' 'बुध, पिठलं, गरम करताना पाणी शिंपडा.' जेवण दोघांपुरतं असायचं, कारण रुवैसच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहायचो.

दुसरा म्हणजे माझा रूममेट. केरळचा, सेफ्टी डिपार्टमेंटमधला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा आणि मधुमेही. हे शेवटचं मी पहिल्याच महिन्यात बायकोला सहज बोलून गेलो होतो. तेव्हापासून कधी शिरा किंवा खीर आली तर एकच छोटा डबा यायचा आणि त्यावर लिहिलेलं असायचं, 'फक्त तुम्ही खा.' त्या माणसाला ती जेमतेम दोनदा भेटली होती. तरी नऊ वर्षं तिने त्याचं पथ्य सांभाळलं.

आखातात दोन बाप्ये नऊ वर्षं एका घरात राहिले तरी कुणाला काही वाटत नाही. करामात एकेका खोलीत सहा-सहा जण राहतात. त्यांची बायकामुलं गावाला असतात आणि इथे त्यांना सरसकट बॅचलर म्हणतात. लपायला याहून सोयीची जागा मला शोधून सापडली नसती. पहिली चार वर्षं तर मी लपलोय हे माझं मलाच माहीत नव्हतं.

हे वाक्य खोटं आहे. कॉलेजात असल्यापासून मला माहीत होतं. मग रीतसर मुलगी बघायला गेलो, कांदेपोहे खाल्ले, लग्न केलं आणि माहीत असलेलं विसरायची सवय लावून घेतली. ती सवय बरीच वर्षं टिकली. मग हा माणूस आला, ड्यूटीवरून परतल्यावर माझ्या बायकोच्या सूचनेबरहुकूम पिठल्यावर पाणी शिंपडू लागला, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी आताशा शुक्रवारची वाट बघत नाही, रविवारची बघतो.

मी गे आहे. वय वर्षं चौपन्न. वाक्य एवढंच आहे, पण ते इथे मोठ्याने म्हणायची सोय नाही. कायदा आड येतो, शिवाय करामातल्या भिंती पातळ. गणपतीला आमच्याकडे जमणाऱ्या मंडळींना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. खरं म्हणजे सांगायचं होतं एकाच माणसाला, आणि तिथेच माझी छाती होत नव्हती.

त्या डब्यांवरून बायकोची एकच तक्रार होती. कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये, काही नसेल तर निदान चिमूटभर साखर घालावी, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. आणि मी दर शुक्रवारी धुतलेले, पुसलेले, रिकामे डबे आणून ओट्यावर ठेवायचो.

"तुमच्या त्या मित्राला एवढंही कळत नाही का हो?" ती म्हणायची. "केरळचे ना ते? चार केळ्याचे वेफर तरी टाकावेत माणसाने."

मी हसण्यावारी न्यायचो. मित्राला हे मी कधी सांगितलंच नाही. तिच्या मते तो रीतभात नसलेला, आणि त्या बिचाऱ्याला कशाचा पत्ताच नाही. विसरलो असं मी स्वतःला सांगत असे. पण त्या दोघांमध्ये मला वगळून काही देवघेव सुरू व्हावी हेच मला नको होतं.

गेल्या वर्षी तिने पुण्यात फ्लॅट बघायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी फोनवर मला फरशांचे फोटो पाठवायची. "तुम्ही रिटायर झालात की मीपण शाळा सोडीन," ती एका शनिवारी म्हणाली. "लेकीचं लेक बघेल. मग काय, आपण दोघंच." 'दोघंच' म्हणताना ती चक्क लाजली, पन्नाशीची बाई. मला स्वतःची शिसारी आली. तोवर मी तिच्या तरुणपणाची वर्षं फुकट घालवली होती, आता तिचं म्हातारपणही त्यात ओढणार होतो.

दुसऱ्याच दिवशी सांगायचं ठरवलं, आणि मुहूर्त काढला तो असा की ती ओट्याशी उभी राहून डबे भरत होती.

"तो माझा नुसता रूममेट नाही," मी म्हणालो.

"मग कोण? साहेब झाले का तुमचे?"

"माझं त्याच्यावर प्रेम आहे. मी तसाच आहे. पहिल्यापासून."

तिच्या हातातला डाव थांबला. "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

"कॉलेजपासून."

"म्हणजे मला बघायला आलात तेव्हा माहीत होतं."

"हो."

तिने भरलेल्या डब्याला झाकण लावलं. चारही बाजूंच्या कड्या एकेक करून दाबल्या. मी तिला म्हणालो की तुझ्याबद्दलची माया खोटी नव्हती, आजही नाही. ते खरं होतं आणि अगदीच अपुरं होतं.

"माया माणूस मांजरावरपण करतो," ती म्हणाली.

मग तिने उरलेले डबे भरले, चिकटपट्ट्या लावल्या, वार लिहिले. मला वाटलं आता हे सगळं कचऱ्यात जाणार. पण तिने आइसबॉक्स बंद करून माझ्यापुढे सरकवला. "केलेलं अन्न मी टाकत नाही. घेऊन जा. यापुढे करणार नाही. आणि माझे डबे सगळे परत आणा. तेवीस आहेत."

खाली पार्किंगमध्ये लेक मागोमाग आली. ती नोकरीला लागली आहे, घरीच राहते, आणि भिंती पातळ असल्याचं मी वर सांगितलंच आहे. "डॅड, आय डोंट केअर दॅट यू आर गे," ती म्हणाली. "आय केअर दॅट मम्मा वॉज द लास्ट टू नो."

"अगं, सगळ्यांत आधी तिलाच सांगितलं."

"नो. यू न्यू. ही न्यू. शी वॉज थर्ड."

पोरगी गणितात आईवर गेली आहे.

त्या आठवड्यातलं जेवण मी टाकलं नाही. बुधवारी मित्राला सगळं सांगितलं. त्याने हातातला घास खाली ठेवला. "भाभी ने ये खाना मालूम होने के बाद बनाया?"

"बनाते बनाते मालूम हुआ."

त्याने ताटातलं सगळं संपवलं. मग आम्ही डबे शोधायला लागलो. बावीस सापडले. तेविसावा त्याच्या ऑफिसात टेबलावर होता, त्यात तो पेनं ठेवत असे. तो घासता घासता मी त्याला पहिल्यांदाच ती रिकाम्या डब्याची रीत सांगितली. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेला पाहिला नव्हता. "नौ साल उसने क्या सोचा होगा, मैं कैसा आदमी हूँ? और तुमने बताया नहीं?" त्याचं बरोबरच होतं. एकाच आठवड्यात मी दोन भल्या माणसांना तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नव्हतो.

शुक्रवारी निघताना त्याने तेवीस डब्यांवर आणखी एक ठेवला. स्टीलचा, त्याचा स्वतःचा. आत केळ्याचे वेफर, सकाळी उठून खोबरेल तेलात स्वतः तळलेले. "उसके डब्बे उसको गिनके दो," तो म्हणाला. "ये मेरा है."

घरी बायकोने ओट्यावर डबे मोजले. तेवीस भरले. मग तिने चोविसावा उचलला.

"हा माझा नाही."

"त्याने दिलाय."

तिने तो न उघडता फ्रीजवर ठेवून दिला. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपू लागलो. पुढचा शुक्रवार आला, त्याच्या पुढचा आला, डबा तिथेच. त्या दिवसांत आम्ही कामापुरतं बोलायचो. तिचा व्हिसा माझ्या नावावर होता, तो तिने शाळेच्या नावावर करून घ्यायचं ठरवलं. टायपिंग सेंटरमध्ये फॉर्म भरायला दोघं बरोबर गेलो. तिथल्या माणसाने अदबीने विचारलं, "मॅडम, सेपरेशन का केस है?" ती म्हणाली, "नहीं, नौकरी का है. आप टाइप कीजिए." मी दाखवलेल्या जागी सही केली. बाहेर आल्यावर तिने मला पाण्याची बाटली दिली, कारण ऊन फार होतं आणि मी टोपी विसरलो होतो.

घर सुटेल याची मला भीती नव्हती. ही बाई मला परकी होईल, याची होती. सव्वीस वर्षांत मला सगळ्यांत जास्त हसवलं ते तिने. मी आजारी पडलो की आधी रागावणारी, मग कढण करणारी तीच. नवरा म्हणून मी तिला फसवलं होतं. पण नवरेपणाच्या बाहेरही आमचं दोघांचं काहीतरी होतं, आणि ते मागायचा हक्क मला उरलाय की नाही हे कळत नव्हतं. एका शनिवारी धीर करून विचारलं, "मी येत जाऊ का?" ती वह्या तपासत होती. "मी अजून ठरवलं नाही," एवढंच म्हणाली.

चौथ्या शुक्रवारी आलो तर फ्रीजवर डबा नव्हता. तो घासून, धुऊन जाळीवर पालथा घातलेला होता. लेकीने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "शी एट देम व्हाइल करेक्टिंग पेपर्स. ऑल ऑफ देम."

रविवारी संध्याकाळी मी बूट घालत होतो. आइसबॉक्स नेण्याचा प्रश्नच नव्हता.

"थांबा," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी दारात जाऊन उभा राहिलो. तिने स्टीलचा डबा फडक्याने आतून कोरडा केला. मग साखरेची बरणी काढली.

"कुणाचा डबा मी रिकामा पाठवत नाही. जास्त काही समजू नका."

"नाही समजत," मी म्हणालो.

तिने चमचाभर साखर घेतली, डब्यावर नेली आणि तशीच थांबली. क्षणभर मला वाटलं, हिचं मन बदललं. तिने साखर पुन्हा बरणीत टाकली, झाकण घट्ट लावलं आणि वरच्या फळीवरून भाजलेल्या शेंगदाण्यांची बरणी काढली. मूठभर दाणे घातले. डबा अर्धाच भरला म्हणून आणखी एक मूठ घातली. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा कंटाळाही आला होता. तिने डबा माझ्या हातात दिला.

"त्यांना साखर चालत नाही," ती म्हणाली.