टेलला बसवलेली नळी

माझी बायको सरू गेली तेव्हा मी दवाखान्याखाली चहा पीत होतो. तिनंच पिटाळलं होतं, "तुमचं त्वांड बघून माझा ताप परत चढंल" म्हणून. वर आलो तर नर्सबाई म्हणाली, बाबा, आजी गेल्या… महिना झाला, मी अजून तिच्यावर चिडलेलाच आहे. जन्मभर माझ्याशी भांडली, आणि जाताना मला न विचारता भांडण बंद केलं.

तिचं आपेंडिक्स फुटलं होतं. श्रीरामपूरला ऑपरेशन झालं, तरी पोटात घाण साचायला लागली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. मोठ्या आतड्याच्या दोन्ही अंगांना चाऱ्या असतात, शेतातल्यासारख्या. डावीला वरच्या टोकाला बांध असतो, पण उजवी रुंद, थेट लिव्हरपर्यंत मोकळी. सपाट झोपलं की घाण तिच्यातनं वर चढते आणि जिवावर बेततं. म्हणून टेकून बसायचं, म्हणजे ती खाली ओटीपोटात उतरते. तिथं नळी बसवलेली होती.

झालं! आमची जमीन कालव्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटाला. वरचे शेतकरी पाणी पिणार आणि आमच्या वाट्याला चिखल, यावरून सरू जन्मभर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी भांडली. ती उठून बसेचना. "वरच्याची घाण टेलवाल्यानंच घ्यायची व्हय? न्हाई बसत. नळी वर लावा!" डॉक्टरीणबाई सांगून दमल्या. ताप चढत होता. शेवटी ओरडलो, "अगं बये, जन्मात पहिल्यांदा टेलला कुणीतरी इचारपूस करायला आलंय, आन् तू त्याला माघारी धाडती?"

 ती टाके धरून हसली. "धरा मला. उठवा."

बसली ती वॉर्डाची मुकादमीणच झाली. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेली बाई, तिलाही म्हणायची, "टेकून बस गं, घाण टेलला जाऊ दे." मी खाली सतरंजीवर आडवा झालो की, "आवो, उठा, भिंतीला टेका!"

"माझं प्वाट चांगलं हाय."

"तुमाला काय कळतंय तुमच्या पोटातलं?"

नळीतनं घाण आली, ताप उतरला. पण काळीज थकलं होतं. गेली तीही टेकून बसल्या बसल्याच. सरणावर सपाट ठेवायला लागले तेव्हा मी म्हणालो, डोक्याखाली एक लाकूड जास्त घाला. लोक म्हणाले, म्हातारा बिथरला.

घरी आता खाट अख्खी माझी. आडवा होतो, डोळे मिटून वाट बघतो… कुणी उठवत नाही. मग मीच उठतो आणि भिंतीला टेकून बसतो.