डाग कोणाचा

आमच्या मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, देवरीच्या बाजारात मोठा मान. सोनारकामात त्यांचा शब्द शेवटचा. मला तो शब्द पुष्कळदा घाईचा वाटे, पण सुनेने बोलायचं कुठे!

एका बाजाराच्या दिवशी जंगलपट्टीतली एक बाई हमेल घेऊन आली, राणीछाप रुपयांची माळ. ती लेकीला लग्नात द्यायची होती. सोबत व्याही होता, तोंड फुगवून. रुपये काळे ठिक्कर पडलेले. खोटं नाणं आमच्या गळ्यात बांधता काय, असं त्याचं म्हणणं. मामंजींनी एक रुपया दोऱ्यातून काढून दगडावर आपटला. बद्द वाजला. "खोटा," म्हणाले, आणि पुन्हा फुंकणी तोंडाला लावली. सोयरीक मोडली म्हणत व्याही तरातरा निघून गेला.

बाई ओट्यावरच बसून राहिली. रडलीसुद्धा नाही, त्यानेच मला भरून आलं. पाणी द्यायला गेले तर माळेला नासक्या अंड्याचा वास! खोदून विचारलं तेव्हा ओशाळून सांगितलं तिने: चोराच्या भीतीने माळ अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखाली लपवली होती. तिथे कोण हात घालतो? त्यात दोन अंडी नासून फुटली. अगं बाई! मी सोनाराचीच लेक. अशाने चांदी काळी पडते, हे मला ठाऊक. मग बद्द का वाजला? मी विचारलं, या कड्या कोणी लावल्या?

"याच बाबानं. माह्या लग्नाच्या वक्ती," ती मामंजींकडे बोट करून म्हणाली.

कडी जोडायला सोनार वितळलेल्या धातूचा डाग देतो. डाग दिलेला रुपया खणखणेल कसा? पदर सावरला आणि मामंजींना तोंडावर विचारलं. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. कानशीने कडी काढली, डाग घासून टाकला, रुपया आपटला. खणखणीत वाजला. बाईने तेव्हा पदर डोळ्यांना लावला.

मला वाटलं, निरोप धाडतील. पण गुडघ्यांनी बेजार झालेला तो माणूस काठी टेकत बाईसोबत व्याह्याच्या गावी गेला. लग्न झालं. तिथे चार लोकांत मामंजी काय बोलले, ते बाईनेच मला नंतर सांगितलं.

"रुपयाले डाग नाही, पोरीलेही नाही. डाग माह्या हातचा आहे."