मुनिरानं मागे घेतलेला शब्द

कडावच्या बाजारात पिठाच्या गिरणीला लागून एक अरुंद दुकान आहे. कुकर, स्टोव्ह, मिक्सर दुरुस्त करून मिळतील, असा बोर्ड वर आहे आणि त्यावर नाव मुनाफ नजे यांचं आहे. मुनाफचाचांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून दुकान त्यांची मुलगी मुनिरा चालवते. चाचा बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात आणि ती मान खाली घालून काम करते.

मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. इथल्याच शाळेत मराठी शिकवते. सहा वर्षांपूर्वी मुनिरा मला म्हणाली, "माधवी, रोज तेच तेच मोडून येतंय गं. कुठल्या मिक्सरचा कपलर टिकत नाय, कुठल्या कुकरचं हँडल जळतं, हे लोकांना आधीच कळलं तर?" त्यातून तिचा ब्लॉग सुरू झाला. ती लिहायची, मी ऱ्हस्वदीर्घ तपासायचे. ती जड शब्द वापरायची नाही. मिक्सर उघडून आतल्या तांब्याच्या तारेचा फोटो टाकायची आणि खाली लिहायची, "ही तार बारीक आहे. वाटण रोज करत असाल तर घेऊ नका." नाशिकच्या, लातूरच्या बायका तिला विचारून खरेदी करायला लागल्या.

मग एका कुकर कंपनीच्या माणसाचा फोन आला. कुकर पाठवतो, वापरा, चांगलं लिहा, मोबदला देतो. अट एकच होती, मोबदल्याचा उल्लेख नको. मुनिरानं मला विचारलं. मी काय सांगितलं ते लपवत नाही. मी म्हणाले, "कुकर चांगला असेल तर पैसे घेतले काय नि न घेतले काय. पैशांची ओळ घालूच नकोस."

तिनं आठ दिवस कुकर वापरला. भात झाला, डाळ झाली, काही बिघडलं नाही. लेख छान उतरला होता. त्या पैशांत दुकानाचा पत्रा बदलला.

पाच महिन्यांनी भिसेगावहून सुरभी नावाची मुलगी दुकानात आली. नवं लग्न झालेलं, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. पिशवीत तोच कुकर होता. झाकण फिरवलं आणि आतली डाळ उसळून हातावर आली, असं तिनं सांगितलं. मी तेव्हा तिथेच होते. मला वाटलं, आता ही भांडणार. पण ती चाचरत म्हणाली, "ताई, तुमी लिहिलंय म्हणजे कुकर चांगलाच असणार. माझंच कायतरी चुकतंय. कसा उघडायचा ते एकदा दाखवाल का?"

मुनिरानं सुरभीला बसवलं, चहा मागवला, कुकर हातात घेतला. झाकणावर एक छोटी पिन असते. आत वाफ असेल तोवर ती वर येते आणि झाकण फिरू देत नाही. ती पिन खालीच अडकून बसली होती. मुनिरानं तिच्याखालचं रबर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं उचकटून काढलं. फुगून बोराएवढं झालं होतं.

"तुजं कायपण चुकलं नाय," ती सुरभीला म्हणाली. "माजं चुकलं. ह्या कुकरबद्दल चांगलं लिहायचे मला पैसे मिळाले होते."

सुरभीनं चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "म्हणजे बाकीचं पण सगळं तसंच लिहिलंय का?"

या प्रश्नानं मुनिरा हलली. नाही, एवढंच तिनं उत्तर दिलं, पण ते आता कोण खरं मानणार, हे तिला तिथेच कळलं असावं.

त्याच संध्याकाळी तिनं जुन्या लेखाच्या माथ्यावर लिहिलं: "या लेखाचे मी पैसे घेतले होते आणि ते तुमच्यापासून लपवलं. हा कुकर वापरणं आजपासून थांबवा. एक मुलगी भाजली आहे." मी म्हणाले, "जुना लेख काढूनच टाक ना." ती म्हणाली, "काढला तर मी काय केलं ते कुणाला दिसणार?"

खाली शिव्यांचा पाऊस पडला. विकली गेलीस, असं एकीनं लिहिलं. मुनिरानं एकही ओळ पुसली नाही. ज्यांनी कुकर घेतल्याचं कळवलं होतं त्यांना तिनं एकेक करून फोन केले. जवळपासच्यांकडे आम्ही दोघी स्कूटरवरून गेलो, नेरळला, चौकला, खोपोलीला. दारात उभं राहून ती तेच वाक्य म्हणायची, "मी पैसे घेऊन लिवलं होतं." मला दर वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. ती मात्र समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची.

चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस फोनवर आला. पैसे तिनं आधीच परत पाठवले होते. तो म्हणाला, एका बाईनं नीट वापरला नाही म्हणून तुम्ही आमची बदनामी करताय, वकिलाची नोटीस येईल. मुनिरा म्हणाली, "पाठवा. पत्ता लिहून घ्या." फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "पण एका गोष्टीत त्याचं बरोबर हाय. एकच कुकर बघून मी चांगलं लिवलं, आता एकच बघून वाईट लिवतेय. दोन्ही सारखंच झालं."

त्यानंतर तिनं जे केलं ते मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन पाहिलं आहे, म्हणून सांगते.

दुकानामागे सिमेंटची एक फुटकी टाकी होती. तिच्यात तिनं शेगडी ठेवली. त्याच कंपनीचे दोन कुकर दोन वेगळ्या गावांतल्या दुकानांतून विकत आणले, शिवाय दुसऱ्या कंपनीचा एक. कुकर हलू नये म्हणून तारेनं आवळला, झाकणाच्या हँडलला दोरी बांधली, दोरी टाकीच्या भिंतीबाहेर काढली आणि तिच्या टोकाला रद्दीवाल्याकडे असतो तसा हूकचा काटा लावला. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून ती भिंतीआडून दोरी ओढायची, काटा ठरावीक आकड्यावर येईपर्यंतच. तो आकडा तिनं मला आणि गिरणीतल्या बायकांना झाकण फिरवायला लावून काढला होता. "कंपनीवर अन्याय नको," ती म्हणाली. "बाईचा हात लावतो तेवढाच जोर."

मी सुचवलं, नुसतं पाणी उकळ. ती म्हणाली, "लोक पाणी शिजवत नायत." म्हणून प्रत्येक वेळी खरा भात, खरी डाळ, कधी वाल. दिवसाला आठ-नऊ वेळा. शेजारच्या हिरामणदादांपासून गिरणीपर्यंत सगळी आळी अडीच महिने मुनिराच्या हातचं जेवली. कुठला कुकर, वेळ काय, काटा किती, झाकण हललं की नाही, सगळं वहीत. शंभरावर गेल्यावर मला ते वेड वाटायला लागलं. दिवसभर गिऱ्हाइकांची कामं आणि मध्ये मध्ये हे. तिचे डोळे लाल झाले होते. चाचा एकदा म्हणाले, "बस कर बेटा." ती म्हणाली, "अब्बा, अजून कायच घडलं नाय. घडलं नाय तर तसंच लिवावं लागंल."

म्हणजे कंपनी बरोबर ठरली असती तर तेही ती जगाला सांगणार होती. हे मला तेव्हा कळलं. मी लेकरांना तीस वर्षं खरं बोलायला शिकवते आहे. खरं शोधायला एवढं बसावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या कुकरच्या एकशे त्र्याहत्तराव्या खेपेला, दुपारी चारच्या सुमारास, दोरी ओढली आणि टाकीतून तोफेसारखा आवाज झाला. झाकण वर उडून दुकानाच्या पत्र्याला धडकलं. भाताची शितं भिंतीवर, आंब्याच्या पानांवर, आमच्या केसांत. गिरणी थांबली. माणसं धावत आली. मुनिरा भिंतीआडून उठली, आधी गॅस बघितला, मग वही उघडली आणि आकडा लिहिला. ते झाकण कुणाच्या तोंडासमोर उडालं असतं तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

त्याच कंपनीचा दुसरा कुकर पहिल्यापेक्षा एकवीस वेळा जास्त टिकला, मग तसाच उघडला. दुसऱ्या कंपनीचा तीनशे वेळा तपासला, त्याला काही झालं नाही. तिनं वहीची सगळी पानं आणि मोबाइलवर घेतलेलं चित्रण ब्लॉगवर टाकलं. नोटीस आलीच नाही. त्याऐवजी महिन्याभरानं कंपनीचा एक इंजिनिअर गाडी घेऊन कडावला आला. टाकी, दोरी, काटा त्यानं फिरून बघितलं. मग म्हणाला, "आमच्याकडं हे पाण्यावरच तपासतात. पाण्यानं रबर फुगत नाही." त्यानं वहीचे फोटो काढले, फुगलेलं रबर कागदात बांधून नेलं. पुढे कंपनीनं तो कुकर दुकानांतून परत मागवला, आणि सुरभीच्या औषधपाण्याचा खर्च भरून दिला.

ब्लॉगवरचे निम्मे वाचक गेले ते गेलेच. आता प्रत्येक लेखाची पहिली ओळ ठरलेली असते: वस्तू कुणी दिली, पैसे घेतले की नाही, किती वेळा वापरली. ही अट सांगितली की बहुतेक कंपन्या फोन ठेवतात.

गेल्या महिन्यात त्या इंजिनिअरनं नवी पिन बसवलेला कुकर पाठवला. आता तरी चार चांगले शब्द लिही, असं मी म्हणाले. ब्लॉगवर तिनं एवढंच टाकलंय: "कुकर कंपनीनं फुकट दिला. पैसे घेतले नाहीत. आतापर्यंत चौसष्ट वेळा शिजवलं. अजून काही सांगता येत नाही."