धोंड्याच्या वाणात इअरफोन

चिखली तालुक्यात आवाजातलं कळणारा एकच माणूस आहे आणि तो मी आहे. हे मत माझं स्वतःचं आहे. दुसऱ्या कोणी या विषयावर अजून मत दिलेलं नाही, आणि बायकोनं दिलं ते मी धरत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. गॅदरिंगच्या दिवशी माइकवाला वायरी जोडायला लागला की मी मागे हात बांधून उभा राहतो आणि "बेस जरा जास्त होऊन राह्यला" असं म्हणतो. (त्यानं काहीच केलं नाही तरी पाच मिनिटांनी "हां, आता बरोबर" असंही म्हणतो.) घरी माझ्याकडे लहानमोठे सात इअरफोन आहेत. त्यातल्या चारांमध्ये एकाच कानाला ऐकू येतं, पण त्या कानाला फार छान ऐकू येतं.

त्यामुळे यंदा धोंड्याचा महिना लागला आणि मोताळ्याहून सासूबाईंनी फोन करून विचारलं, "जवाईबापू, यंदा वाणात तुमाले अंगठी करू काय?" तेव्हा मी जराही न लाजता सांगितलं की अंगठी राहू द्या, मले कानात घालायचे इअरफोन द्या. साधे नव्हेत. ज्यांची वर्णनं मी दोन वर्षं मोबाइलवर वाचत होतो आणि खाली किंमत आली की डोळे मिटून घेत होतो, तसले.

"लोकायचे जवाई सोनं मागतात," सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे माझी बायको. "तुमी कानात घालाले बूच मागून राह्यले."

"सोनं काही वाजत नाही," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ती फक्त उतू गेलेल्या दुधाकडे पाहते.

इथे माझ्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं. मामाजी मोताळ्याच्या बाजूला एका कापसाच्या जिनात तीस वर्षं कामाला होते. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांची ओळच्या ओळ तिथे दिवसभर खडखडायची, आणि त्या खडखडाटात मामाजींचे दोन्ही कान गेले. सुनंदानं एकदा ऐकायचं मशीन आणून दिलं होतं. मामाजींनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "मशिनीनंच कान नेले," ते म्हणाले, "आता मशीनच कानात घालू काय?"

खोटं कशाला सांगू, मला हे फार सोयीचं होतं. बाकीच्या जावयांना सासुरवाडीत जीभ दाताखाली धरून बसावं लागतं. मी मात्र मामाजींच्या समोरच्या पाटावर बसून, तोंडातल्या तोंडात सुनंदाजवळ हवं ते मत देत असे. भाजी खारट आहे, पंखा फिरतो की लोळतो, यंदाचा सदरा कोणत्या दुकानातून फेकून दिलेला उचलून आणला, सगळं. मामाजी माझ्याकडे प्रेमानं बघत असायचे. त्यांचं म्हणाल तर जेवण झालं, सुपारी झाली, की ते ठरल्याप्रमाणे एकच गोष्ट सुरू करायचे. "मी जिनात लागलो ना, जवाईबापू…" एवढं ऐकलं की माझी मान आपोआप हलायला लागायची आणि मन चिखलीला परत यायचं. त्या गोष्टीच्या आडोशाला मी आजवर सहामाहीच्या पाच प्रश्नपत्रिका काढल्या आहेत.

तर ठरलेल्या रविवारी आम्ही पोचलो, आणि जेवणाआधीच इरफानभाई दोन डबे घेऊन हजर झाला. इरफानभाईचं मोताळ्यात मोबाइलचं दुकान आहे. त्याचे वडील आणि मामाजी एकाच जिनात होते, म्हणून मामाजींच्या शब्दाखातर त्यानं बुलढाण्याच्या व्यापाऱ्याकडून दोन जोड्या बोलावल्या होत्या. दोन्ही लावून पाहायच्या, एक ठेवायची, एक संध्याकाळच्या आत परत.

"जवाईबापू, कान द्या," तो म्हणाला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. बांगड्या भरायला आलेला कासार बायकांचे हात दाबून पाहतो, तसे त्यानं माझे दोन्ही कान दाबून पाहिले. "उजवा लहान हाय, डावा मोठा. अल्ला की देन हाय, आपन काय करनार." मग एका डबीतून त्यानं इवल्याइवल्या रबरी टोप्या काढल्या आणि उजव्याला बारीक, डाव्याला मोठी असं माप बसवायला घेतलं. घरातले सगळे गोल करून पाहत होते. सासूबाई पुरणाचा हात तसाच धरून म्हणाल्या, "कानात घालाचंच हाय तं घरात कापूस काय कमी हाय, बापा?"

पहिली जोडी काळी होती. वायर कानामागून वळवून घ्यायची. मी एक जुनी ठुमरी लावली, डोळे मिटले आणि जाणकाराचा चेहरा केला. आवाज स्वच्छ होता, पण रबर जरा सैल बसत होतं आणि त्या फटीतून सगळं मोताळं आत येत होतं. कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भाजीवाला, सासूबाईंची "पाट मांडा गं." बेसचा तर पत्ताच नाही. तेवढ्यात चहाबरोबर वाणातला एक अनारसा पुढे आला. मी तो चावला आणि नेहमीप्रमाणे सुनंदाकडे झुकून पुटपुटलो, "दात हलला माझा."

मामाजींनी ताटातला दुसरा अनारसा उचलून माझ्या बशीत ठेवला. "हा घ्या, हा नरम हाय."

बघा, काय योगायोग, असं मी मनात म्हणालो. (शिकवतो विज्ञान, मानतो योगायोग.)

मग पानं वाढली आणि जेवता जेवता दुसरी जोडी निघाली. तांब्याच्या रंगाची, जड, आणि रबराच्या जागी स्पंजाची टोकं असलेली. ही घालायची रीत न्यारी. इरफानभाईनं स्पंज बोटांत चोळून वातीसारखा बारीक केला, माझा कान वर ओढला, टोक आत सारलं आणि म्हणाला, "आता दम धरा, हे आतमंदी फुगते." दुसऱ्या कानातही तसंच केलं. स्पंज फुगत गेला आणि मोताळं हळूहळू नाहीसं झालं. कुकर गेला, भाजीवाला गेला, सासूबाई गेल्या. (चौदा वर्षांत पहिल्यांदा!) मग मी ठुमरी लावली.

काय सांगू. तबलजी माझ्या डाव्या कानाशी मांडी घालून बसला. पेटीवाला उजव्या कानाशी. गाणारी बाई बरोब्बर कपाळाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. बेस असा की जेवलेलं पुरण पोटात डोललं. मी आवाज आणखी वाढवला, आनंदानं वेडा झालो, आणि सुनंदाच्या कानाशी झुकून अगदी हळूच म्हणालो, "हीच जोडी घ्यायची. ती काळी बेकार हाय. इरफानभाई कुठला पडेल माल खपवून राह्यला कोण जाणे."

समोर इरफानभाई डब्यात टोप्या भरत होता. त्याचा हात तिथेच थांबला. मला वाटलं, टोपी सांडली असेल.

"अन धोंड्यात गूळ कमी हाय," मी कुजबुजलो. "मामीचा हात मागच्या धोंड्यापासूनच आखडला हाय."

सासूबाई तुपाची वाटी घेऊन येत होत्या, त्या दारात उभ्याच राहिल्या. सुनंदानं ओठांवर बोट ठेवलं. तिलाही गाणं आवडलं आणि मध्ये बोलू नका म्हणते आहे, असं मी समजलो. मी मान डोलावून तिला दाद दिली आणि शेवटचं तेवढं सांगून टाकलं.

"आता जेवण झालं का मामाजी जिनाची गोष्ट लावतीन. चौदा वर्षं झाले, मी नुसती मुंडी हालवून राह्यलो. एक शब्द ऐकला असन तं शपथ."

उघड्या दारात आता भाजीवाला आला होता आणि त्याच्यामागे शेजारच्या दोन बायका. त्यांना बहुधा जावयाचा थाट बघायचा असेल म्हणून मी हसून नमस्कार केला. त्याच वेळी सुनंदानं हात लांब करून माझ्या कानांतली दोन्ही टोकं उपटली.

घरात पंखा सोडून काहीच वाजत नव्हतं. मग भाजीवाल्यानं विचारलं, "भांडण हाय काय जी?"

"नाही," सुनंदा म्हणाली, "आमचे हे हळू बोलून राह्यले."

"मी हळूच बोललो," मी म्हणालो.

"बसस्टँडवर ऐकू गेलं असन."

कान बंद करून आत जोरात गाणं लावलं की माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही, हे मी आठवीच्या वर्गाला दर वर्षी सांगतो. प्रात्यक्षिक आजच झालं. सासूबाई आत गेल्या आणि गुळाची आख्खी ढेप आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "घ्या, पाहिजे तेवढा फोडून घ्या." इरफानभाई माझ्याकडे न बघता म्हणाला, "पडेल माल मामासाठी आनला असता काय मी?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एकच दिलासा होता. मामाजींना ऐकू येत नाही.

मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "गोष्ट ऐकली नाही म्हणता, जवाईबापू?"

म्हणजे मी इतका ओरडलो होतो की गेलेल्या कानांतही ते शिरलं! मी घाईघाईनं म्हणालो, "नाही नाही, मामाजी, सारी ऐकली. पाठ हाय मले."

"मंग सांगा. सांगितली का तांब्याची जोडी तुमची."

सगळं घर माझ्याकडे पाहायला लागलं. भाजीवाल्यानं तर पायरीवर बूड टेकलं. मी त्यांना ऐकू जावं म्हणून घसा फोडून सुरुवात केली, "तुमी जिनात लागले ना, मामाजी…" एवढं मला येत होतं. पुढे काय? सुनंदा डोळ्यांनी काहीतरी सुचवत होती, पण तिचे डोळे त्या घडीला फक्त भाजत होते. जिन म्हणजे कापूस, कापूस म्हणजे आग, असा शास्त्रीय विचार करून मी ठोकून दिलं, "तं एक दिवस कापसाच्या गंजीले आग लागली! सारे पळाले. तुमी मात्र आत शिरले अन शेटजीले पाठीवर घेऊन बाहेर आले."

"शेटजी दोन क्विंटलचे होते," मामाजी म्हणाले.

"म्हणूनच तं तुमची कमाल!" मी ओरडलो.

मामाजी हसले. रागावले असते तर मी सावरलो असतो. "ओरडू नका, जवाईबापू," ते शांतपणे म्हणाले. "ओरडलं का तोंड वाकडं होते, मंग ओठ समजत नाही. तुमी हळू बोलता तेच मले बरं समजते."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी ती ऐकली.

"मी जिनात लागलो ना, तवा एवढा आवाज का बाजूच्या माणसानं बोंब मारली तरी ऐकू ये नाही. मंग आमी एकमेकाचे ओठ पाहून बोलणं समजाले शिकलो. इरफानचा बाप त्या टोकाले, मी या टोकाले, अन दिवसभर आमच्या गप्पा. मुकादम तिकडं कोणाच्या कानात काय सांगते ते मी इकडून वाचू. म्हणून तुमाले दरवेळी सांगतो, कान गेले तरी काही अडत नाही. समोरचा तोंडातल्या तोंडात बोलला तरी मले सारं समजते."

चौदा वर्षांतला एकेक सण डोळ्यांपुढून गेला. खारट भाजी, लोळता पंखा, फेकून दिलेला सदरा. तो सदरा मामाजींनी स्वतः जाऊन निवडला होता.

"लग्नात अंगठी बारीक हाय म्हणले होते तुमी," मामाजी म्हणाले. "म्हणूनच यंदा अंगठी करू म्हणलं होतं."

मला खरोखर लाज वाटली. मी सुनंदाला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"साऱ्या मोताळ्याले माहीत हाय. इथं बोलताना मी तोंडावर पदर काऊन धरते मंग?"

"अन मले काऊन नाही सांगितलं?"

"बाबा दरवेळी तेच तं सांगून राह्यले होते."

भाजीवाला मान हलवत उठला. मामाजींनी दोन्ही जोड्या हातात घेतल्या, तांब्याची परत डब्यात ठेवली आणि काळी वर धरून इरफानभाईला विचारलं, "हे सैल बसते ना? बाहेरचं ऐकू येते ना याच्यातून?"

"हाव मामा, थोडं येते."

"मंग हेच बांध जवाईबापूले."

तेहतीस अनारशांवर ठेवून ती काळी जोडी मला वाणात मिळाली. तिच्यात बेस नाही. आता मोताळ्याला गेलो की मी मामाजींची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, मध्ये इरफानभाईच्या वडिलांबद्दल दोन प्रश्नही विचारतो. पण जित्याची खोड जाते थोडीच? एखादं मत अगदी ओठांवर आलंच, तर मी उठतो, पाण्याचं निमित्त काढतो आणि माठाजवळच्या भिंतीकडे तोंड करून ते देऊन टाकतो.

परवा गेलो, तर मामाजींनी त्या भिंतीवर आरसा टांगलेला होता.